बोलोन्याहून पुण्याला : इटालियन सिरॅमिक अ‍ॅशट्रेंचा संग्रह रीतसर घरी आणताना

१९५० ते १९७० या दोन दशकांत इटलीत घडवलेल्या सिरॅमिक अ‍ॅशट्रेंचा एक लहानसा संग्रह मी तिथल्या बोलोन्या शहरात नोकरीला असताना जमवला आणि २०२३ मध्ये कायमची पुण्याला परतताना तो इटलीच्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्याप्रमाणे व आपल्या सीमाशुल्क खात्याच्या नियमांप्रमाणे कागदपत्रे करून घरी आणला. वस्तू कशा जमवाव्यात यावर वाचायला पुष्कळ मिळते. त्या एका देशातून दुसऱ्या देशात कशा न्यायच्या, हे मात्र मला रांगेत उभे राहून आणि माणसांना विचारून समजून घ्यावे लागले. जुन्या, नाजूक वस्तू घेऊन परतण्याचा विचार करणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा, म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

मी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बोलोन्याला गेले. पॅकिंगची यंत्रे बनवणारे अनेक कारखाने त्या शहराच्या आसपास आहेत आणि माझे कामही त्याच क्षेत्रातले होते. बहुतेक महिन्यांत दुसऱ्या शनिवार-रविवारी सान्तो स्तेफानोच्या चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पहिल्याच हिवाळ्यात तिथून मी आठ युरोंना एक तळहाताएवढा अ‍ॅशट्रे घेतला. त्याच्यावर दाट मोरपंखी झिलई, म्हणजे भट्टीत चढवलेला काचेसारखा चकचकीत थर होता, ओल्या मातीत ठशांनी उमटवलेली नक्षी होती आणि सिगारेट टेकवण्यासाठी काठाला तीन खाचा होत्या. घरी फोनवर सांगितले तेव्हा आई म्हणाली, “अगं, आपल्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही, मग हे कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे नीट उत्तर मला पुढे दोनेक वर्षांनी देता आले.

ते उत्तर असे. युद्धानंतर फ्लोरेन्सच्या परिसरातील सिरॅमिकचे कारखाने मोठ्या प्रमाणावर अमेरिकेसाठी माल बनवू लागले आणि तिथल्या बैठकीच्या खोलीत, बुटक्या कॉफी टेबलावर अ‍ॅशट्रे असणे तेव्हा गृहीतच होते. फुलदाणी किंवा दिवा घडवायला मोठा. अ‍ॅशट्रे मात्र उथळ, लहान आणि स्वस्त असल्यामुळे एखादी नवी झिलई, नवा ठसा किंवा मातीवर ओरखडून काढलेली नवी रेघ त्याच्यावर सहज करून पाहता येई. म्हणून ज्या कारागिरांच्या मोठ्या वस्तू आज लिलावात हजारो युरोंना जातात, त्यांच्याच हाताचे आणि त्यांच्याच भट्टीचे काम माझ्यासारख्या पगारदार व्यक्तीला पाहता, हाताळता आणि विकत घेता येते ते या वस्तूत. १० जानेवारी २००५ पासून इटलीत बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली आणि त्यानंतर बार, उपाहारगृहे व कार्यालये यांतला अ‍ॅशट्रे टेबलावरून गेला. ज्याचा उपयोग संपला त्याला घरात जागा उरत नाही आणि तो बाजारात येतो. माझ्या हाती आलेल्या पुष्कळशा वस्तू अशाच घरे रिकामी करताना निघालेल्या होत्या.

२०१७ आणि २०१८ मध्ये मी बाजार पालथे घातले. अरेत्सोचा बाजार महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी भरतो. तो १९६८ पासून चालू आहे आणि जुन्या गावातल्या चढणीच्या गल्ल्यांतून थेट पियात्सा ग्रान्दे या चौकापर्यंत पसरतो. मिलानमध्ये नाविल्यो ग्रान्दे या कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तर तोरीनोत (ट्युरिनमध्ये) ग्रान बालोन हा बाजार दुसऱ्या रविवारी असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अरेत्सोला जावे असे मी म्हणेन, कारण तिथले जुने विक्रेते घाईत नसतात. त्यांच्यापैकी एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितले होते, “सिन्योरा, वरचा रंग सगळेच बघतात, तुम्ही आधी उलटा करून बघा.” सकाळी लवकर निवड अधिक असते आणि दुपारी चारनंतर भावात सूट अधिक मिळते; खिशात लहान नोटा ठेवाव्यात आणि किंमत विचारताना वस्तू हातात घेण्यापूर्वी परवानगी मागावी. तिथे ती रीत आहे.

उलटा करून काय पाहायचे, हे थोडे सविस्तर सांगते, कारण पुढच्या सरकारी अर्जांतही हीच माहिती विचारली जाते. तळाच्या ज्या कडेला झिलई नसते तिथे मातीचा खरा रंग दिसतो आणि साठ-सत्तर वर्षे लाकडावर, काचेवर सरकून आलेली झीजही दिसते. तळालाही झिलई असेल तर भट्टीत वस्तू ज्या टेकूंवर ठेवली होती त्यांच्या बारीक खुणा सापडतात, बहुधा तीन. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक होते, म्हणून निर्यातीच्या वस्तूंवर रोमन लिपीत ‘इटली’ एवढाच शब्द आणि शेजारी एखादा क्रमांक, दोन्ही कुंचल्याने घाईत लिहिलेले असतात. नुसत्या या शब्दावरून कारखाना ठरत नाही. तळाला साच्यातून उमटलेला, उंचवट्याचा क्रमांक असेल तर ती वस्तू पुष्कळदा पश्चिम जर्मनीची निघते, आणि बाजारात ती इटालियन म्हणून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. गुइदो गाम्बोने या सिरॅमिक कलाकारांच्या फ्लोरेन्सच्या काळातल्या कामावर सहीबरोबर छोटे गाढव रेखाटलेले असते. मार्चेल्लो फान्तोनी यांनी १९३६ मध्ये फ्लोरेन्सला आपली कार्यशाळा उघडली; त्यांच्या सहीच्या वस्तूंना चांगली मागणी आहे आणि म्हणूनच त्यांच्या नावाने काही दाखवले की मी अधिक वेळ घेत असे.

दुरुस्त केलेली वस्तू ओळखण्यासाठी अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च जवळ ठेवावा. नंतर भरलेला भाग आणि वरून दिलेला नवा रंग त्या प्रकाशात मूळ झिलईपेक्षा वेगळा दिसतो. नखाने हलकेच वाजवून पाहावे. अखंड वस्तू स्वच्छ वाजते, तडा असेल तर आवाज दबतो. झिलईवरच्या केसासारख्या बारीक रेषांनी मात्र घाबरून जाऊ नये. कमी तापमानाला भाजलेल्या मातीत त्या कालांतराने येतातच.

मोन्तेलूपो फियोरेन्तीनो या गावी मी प्रथम २०१८ च्या वसंतात गेले. फ्लोरेन्सहून पिसाच्या दिशेने जाणारी साधी रेल्वे अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचवते. आर्नो नदीकाठचे हे गाव मध्ययुगापासून मातीकामावर जगलेले आहे आणि तिथल्या सिरॅमिक संग्रहालयात ती सारी शतके क्रमाने पाहता येतात. बितोस्सी हा कारखाना १९२१ मध्ये इथेच उभा राहिला. युद्धात पकडले जाऊन दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी म्हणून राहिलेले आल्दो लोंदी १९४६ मध्ये परतल्यावर या कारखान्याचे कलादिग्दर्शक झाले आणि त्यांनी घडवलेली ‘रिमिनी ब्लू’ ही मालिका आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. माझा आठ युरोंचा अ‍ॅशट्रे त्याच पद्धतीचा होता, पण त्याच्यावर कारखान्याची खूण नाही, म्हणून मी त्याला बितोस्सीचा म्हणत नाही. कारखान्याच्या स्वतःच्या संग्रहालयात फळ्यांवर ओळीने लावलेले नमुने पाहिले तेव्हा एकच ठसा कितीतरी आकारांवर कसा फिरवला आहे, हे एका नजरेत समजले. ठसे दाबणाऱ्या, रंग भरणाऱ्या माणसांची नावे या वस्तूंवर नसतात. ठशाच्या कमीअधिक दाबात त्यांचा हात मात्र दिसतो, आणि माझे या वस्तूंवरचे प्रेम मुख्यतः त्या हातांमुळे आहे.

याच कारखान्यातून इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्सास यांची सिरॅमिकची कामेही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमॉर या अमेरिकन वितरकासाठी तयार होऊ लागली. निर्यातीचा ओघ एवढा होता की उत्तम दर्जाचे कित्येक नमुने आज इटलीपेक्षा अमेरिकेतल्या घरांतून अधिक निघतात. इटलीच्या बाजारात साधे, बिनखुणेचे अ‍ॅशट्रे मला पाच ते पंधरा युरोंना, ओळखता येणाऱ्या मालिकेतले चाळीस ते नव्वद युरोंना मिळाले. सहीचे जे दोन-तीन घेतले त्यांच्यासाठी कित्येक महिने पैसे बाजूला टाकावे लागले. प्रत्येक खरेदीच्या वेळी मी विक्रेत्याकडून हाताने लिहिलेली का होईना, पावती मागत असे आणि तिच्यावर तारीख, वस्तूचे वर्णन व रक्कम लिहून घेत असे. ही सवय मला घरातूनच लागलेली होती. पुढे तिचा जो उपयोग झाला तो इतर कशाचाही झाला नाही.

मार्च २०२० पासून बाजार बंद झाले. त्या लांबलेल्या महिन्यांत मी सगळ्या वस्तू स्वच्छ केल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि वरून, बाजूने व तळाने अशी तीन-तीन छायाचित्रे काढली. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. खाचांमधले तंबाखूचे पिवळे डाग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हळूहळू निघतात. सोनेरी काम असेल तिथे मात्र स्पिरिट, घासणी, काहीच लावू नये, कारण ते सोने झिलईच्या वर असते आणि निघून येते. वस्तू पाण्यात भिजत ठेवू नये. तळाची उघडी माती पाणी पिते आणि आतले डाग पसरतात.

जानेवारी २०२३ मध्ये परतायचे ठरले. सामान हलवणाऱ्या कंपनीने यादी पाहताच विचारले की जुन्या कलावस्तूंची कागदपत्रे केली आहेत का. इटलीत २००४ ची सांस्कृतिक वारशाची संहिता लागू आहे आणि २०१७ च्या १२४ क्रमांकाच्या कायद्याने तिच्यात जी सुधारणा झाली तिच्यामुळे वयाची मुख्य मर्यादा पन्नासऐवजी सत्तर वर्षे झाली. कलात्मक मूल्य असलेली वस्तू सत्तर वर्षांहून कमी जुनी असेल किंवा तिचा कर्ता हयात असेल, तर मालकाने स्वतःच्या सहीचे स्वप्रमाणपत्र द्यायचे असते. ती सत्तर वर्षांहून जुनी, कर्ता हयात नसलेली, पण १३,५०० युरोंपेक्षा कमी किमतीची असेल तर सर्वसाधारणपणे परवान्याऐवजी मूल्याची घोषणा करावी लागते आणि ते मूल्य पावतीने किंवा तज्ज्ञाच्या लेखी अंदाजाने दाखवावे लागते. दोन्ही अर्ज संस्कृती मंत्रालयाच्या निर्यात कार्यालयाकडे जातात.

माझ्या संग्रहाची अडचण नेमकी इथे होती. २०२३ मधून सत्तर वजा केले की १९५३ येते, आणि माझ्याकडच्या बऱ्याच वस्तू त्या सालाच्या अलीकडे-पलीकडे होत्या. साठच्या दशकातले नमुने सरळ पहिल्या गटात गेले. दक्षिण इटलीतल्या व्हिएत्री सुल मारे या गावचे दोन आणि फ्लोरेन्सचा एक अ‍ॅशट्रे कधीचा, हे नक्की सांगता येईना. ते मी जुन्या गटात धरले, कारण अधिक कडक नियम लावून घेतला तर नंतर कुणी आक्षेप घेण्याची भीती राहत नाही. किमती मर्यादेच्या जवळपासही नव्हत्या. ज्या थोड्या वस्तूंच्या पावत्या नव्हत्या त्यांच्यासाठी ओळखीच्या एका विक्रेत्याकडून शिक्क्यानिशी किंमत लिहून घेतली. त्यांनी साठ युरो घेतले.

अर्ज मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. प्रत्येक वस्तूचे माप सेंटीमीटरमध्ये, साहित्य, तंत्र, कर्ता किंवा कारखाना, अंदाजे काळ, किंमत आणि ती कोणत्या देशात जाणार हे लिहायचे असते. कर्ता ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि प्रदेश नोंदवावा. उगाच मोठे नाव जोडले तर वस्तूही अडकते आणि आपणही. ओळखपत्र व कोदिचे फिस्काले, म्हणजे तिकडचा कर-ओळख क्रमांक, जोडावा लागतो. एप्रिलच्या मध्याला मी अर्ज दाखल केले. मे महिन्यात तळाची आणखी स्पष्ट छायाचित्रे मागवण्यात आली. कार्यालयाला वाटल्यास वस्तू प्रत्यक्ष दाखवायलाही बोलावतात, म्हणून तोवर काहीही खोक्यात भरू नये असा सल्ला मला मिळाला आणि तो मी पाळला. ते आठवडे जड गेले. इतक्या किरकोळ किमतीच्या वस्तूंसाठी एवढी छाननी कशाला, असे मनात येई. मग मोन्तेलूपोचे संग्रहालय आठवे. आपला वारसा घराबाहेर पडताना जो देश त्याच्याकडे निदान एकदा वळून पाहतो, त्याच्याविषयी मला आदरच वाटतो. जूनच्या अखेरीस शिक्क्याच्या प्रती हातात आल्या. त्यांचा एक संच सामानाच्या कंपनीला दिला आणि एक स्वतःजवळ ठेवला.

बांधणी मी स्वतः केली. प्रत्येक अ‍ॅशट्रे आधी आम्लरहित पातळ कागदात, मग बबल रॅपमध्ये गुंडाळला. फुगे बाहेरच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे त्यांचे ठसे झिलईवर उमटत नाहीत. वर्तमानपत्र वापरू नये, शाई तळाच्या उघड्या मातीत उतरते. वस्तू आडव्या न रचता ताटे लावतो तशा उभ्या लावल्या, आणि ते खोके चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर जागा सोडून दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवले. सहीचे नमुने केबिन बॅगेत घेतले. त्यांच्या कागदांचा संच विमानतळावर हाताशी होता.

मी २४ ऑगस्टला भारतात उतरले आणि सामान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जेनोव्हा बंदरातून निघाले. हा क्रम मुद्दाम ठेवला होता. मागाहून येणारे सामान आपण उतरल्यापासून एका महिन्याच्या आत तिकडून रवाना व्हावे लागे, आधी आले तर ते दोन महिन्यांपेक्षा आधी येऊन चालत नसे. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशात किमान दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला घरगुती वापराच्या सामानावर पाच लाख रुपयांपर्यंत शुल्कमाफी मिळत होती. अट अशी की त्याआधीच्या दोन वर्षांत भारतातला एकूण मुक्काम सहा महिन्यांहून अधिक नसावा आणि मागच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. मर्यादेवरच्या रकमेला अधिभार धरून ३८.५ टक्के शुल्क होते. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. इतरांबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमधली जागा, विमा आणि बोलोन्यातून बंदरापर्यंतची वाहतूक मिळून मला सुमारे साडेतेराशे युरो पडले.

ऑक्टोबरच्या मध्याला न्हावाशेवा बंदरातून क्लिअरिंग एजंटचा, म्हणजे सीमाशुल्काचे काम करून देणाऱ्याचा, फोन आला. मूळ पासपोर्ट, त्याच्यावरील सर्व शिक्क्यांच्या प्रती, इटलीतील निवासाचा व नोकरी संपल्याचा दाखला, सामानाची सविस्तर यादी आणि किमतींचे पत्रक एवढे कागद लागले. पुण्याहून मी स्वतः गेले, आणि जाणे शक्य असेल तर सर्वांनी जावे असे सांगेन. खोकी उघडल्यावर अधिकाऱ्यांनी साहजिकच विचारले, “मॅडम, एवढे अ‍ॅशट्रे? विकायला आणलेत का?” एकाच प्रकारच्या वस्तू मोठ्या संख्येने दिसल्या की व्यापारी मालाचा संशय येतो आणि व्यापारी मालाला ही सवलत नसते. मी फाइल पुढे ठेवली. प्रत्येक वस्तूला क्रमांक होता, छायाचित्र होते, सहा-सात वर्षांत वेगवेगळ्या गावांतून एकेक करून घेतल्याच्या पावत्या होत्या, आणि इटलीच्या निर्यात कार्यालयाचा शिक्का होता. त्यांनी काही क्रमांक ताडून पाहिले, एक अ‍ॅशट्रे उचलून तळ वाचला आणि “म्हणजे तुमचा संग्रह आहे हा,” असे म्हणून यादीवर सही केली. शुल्क लागले नाही. एजंटचे मानधन, बंदरावरचे हाताळणी व साठवणुकीचे आकार आणि पुण्यापर्यंतचा टेम्पो मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास खर्च आला. साठवणुकीचा आकार दिवसागणिक वाढतो, म्हणून कागद जहाजाच्या आधी तयार असावेत.

घरी उघडल्यावर सर्व वस्तू शाबूत निघाल्या. आईने त्या एकेक करून पुसून कपाटात लावल्या आणि मोरपंखी रंगाचा तो पहिला अ‍ॅशट्रे पाहून त्यात सुपारी-वेलदोडे ठेवू या असे म्हटले. त्याला मला नाही म्हणावे लागले. त्या काळच्या झिलईत शिसे असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून अशा भांड्यात कोणताही खाद्यपदार्थ ठेवू नये, मग तो कोरडा का असेना. किल्ल्या, नाणी, टाचण्या ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवते आणि फळीवर जाड कापडाऐवजी पातळ कॉर्क अंथरला आहे, कारण ओलसर कापडाची बुरशी तळाच्या मातीला लागते.

इटलीतून परतायचे ज्यांचे ठरले असेल त्यांनी निर्यात कार्यालयाच्या अर्जासाठी निघण्यापूर्वीचे किमान चार महिने हातात ठेवावेत, आणि ऑगस्टमध्ये तिकडची बरीच कामे मंदावतात हे लक्षात घेऊन अर्ज वसंतातच दाखल करावा.